बिनकिर्दीचा पेनड्राइव्ह

भाडेकराराची आठ पानं स्कॅन करून पेनड्राइव्हवर घ्यायची, एवढंच काम होतं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने ते केलं आणि स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकत असतानाच मुळा उपटावा तसा पेनड्राइव्ह उपटून माझ्या हातात दिला. परत लावला तर विंडोज म्हणे, वापरायचा असेल तर आधी फॉरमॅट करा.

"तुमच्यात व्हायरस आहे," झेरॉक्सवाला म्हणाला. माझ्यात!

मी तिथेच सुरू झालो. डिस्कवर फाइली मांडायची प्रत्येकाची रीत वेगळी. घरी माझं लिनक्स. त्याच्या ईएक्सटी-४ रीतीला विंडोज ओळख दाखवत नाही. बायकोचं मॅक विंडोजचं एनटीएफएस वाचतं, पण त्यावर लिहायचं म्हटलं की सोवळ्यातल्या आत्याबाईंसारखं अंग चोरतं. फॅट-३२ सगळ्यांच्या पंगतीला बसतो, पण ४ जीबीची फाइल त्याच्या घशाखाली उतरत नाही, आणि मावशीच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ साडेपाच जीबीचा. (तिचा उखाणाच अर्धा जीबी असेल.) उरला २००६चा एक्सफॅट. त्याला जर्नल नसतं.

"जर्नल म्हणजे रोजकीर्द ना?" मागून आवाज आला. आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलेले एक आजोबा. "एकतीस वर्षं पतपेढीत काढली. आधी कीर्द, मग खतावणी. मध्येच दिवे गेले तर आल्यावर कीर्द बघून अर्धवट राहिलेलं पुरं करायचं. तुमच्यात ही सोय नाही?"

"एनटीएफएसमध्ये १९९३पासून आहे. लिनक्सच्या ईएक्सटी घराण्यातही २००१मध्ये ईएक्सटी-३बरोबर आली. पण ती कीर्द बहुतेक वेळा फाइलींच्या नावा-जागेची. आतल्या मजकुराची नाही."

"म्हणजे पावत्या शाबूत, पैसे गेले तरी चालतील?"

विषय बदलावा म्हणून मी मॅकचं २०१७चं एपीएफएस काढलं. ते आपल्या नोंदींच्या जुन्या पानावर खाडाखोड करत नाही, नव्या पानावर लिहितं आणि मग अनुक्रमणिका बदलतं.

"कागद किती लागत असेल!" आजोबा हळहळले. "आणि तुम्ही बिनकिर्दीचा का घेतलात?"

"सगळीकडे चालतो म्हणून."

"सगळीकडे चालतो!" ते झेरॉक्सवाल्याकडे वळले. "आमच्याकडे असा एक कॅशियर होता. सस्पेंड झाला."

दुकान हसलं. मीही हसलो, पण मनातून नाही. प्रत्येकाने स्वतःच्या घरात चोख वहीखातं ठेवलंय, आणि तिघांकडे काही न बसवता चालते ती वही मात्र कीर्द नसलेली. कपाटातल्या डिस्कला चिलखत, आणि ज्याला दिवसातून चार अनोळखी हात उपटतात त्या पेनड्राइव्हला साधा सदरा! हे ठरवणाऱ्यांनी कधी झेरॉक्सच्या रांगेत उभं राहावं.

"ऐंशी रुपये," झेरॉक्सवाला म्हणाला.

"स्कॅन कुठेय?"

"मी तर केलं ना काम."

दिले. काय करणार, मागे रांग होती.

"पावती घ्या," आजोबा म्हणाले.