पाचशेच्या स्टॅम्पवर लेकरू आपल्या नावावर होत नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो: ‘बहिणीचं, भावाचं लेकरू सांभाळताय? पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करा, मूल कायद्याने तुमचं. शाळेत आपलंच नाव लावा. सरकारी पैशाच्या नादी लागू नका, मूल बालगृहात नेतील.’ तिन्ही गोष्टी चूक आहेत. मधली तर लेकराच्या मुळावर येते.

नोटरीने फक्त सही कोणाची ते ठरतं. त्यातून पालकत्व मिळत नाही, दत्तकविधानही होत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात मूल प्रत्यक्ष देण्याघेण्याचा विधी लागतो. घरात मुलगा असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. आई-वडील दोघंही वारले असतील तर मूल देणाऱ्या पालकाला आधी कोर्टाची परवानगी लागते. दुसरा मार्ग बाल न्याय कायद्याचा. काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत अर्ज करू शकतात. सप्टेंबर २०२२ पासून आदेश जिल्हाधिकारी देतात.

पण बहुतेक घरांना दत्तकाची गरजच नसते. ‘पोऱ्या आपलाच शे’ म्हणून वाढवायचं असेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून पालकत्व घ्या. ते मूल १८ वर्षांचं होईपर्यंत टिकतं आणि जन्माच्या घराशी त्याचं नातं तुटत नाही. दत्तकात ते तुटतं, आणि झालेलं दत्तक मोडता येत नाही.

आता शाळेचं. पहिलीत नाव घालताना मामा ‘वडिलांचे नाव’ या रकान्यात स्वतःचं नाव भरतो. मायेनेच भरतो. जन्मदाखल्यावर मात्र बापाचं नाव असतं. जातपडताळणीला वंशावळ वडिलांच्या बाजूने मागतात, आजोबा-चुलत्यांचे शाळेचे दाखले लागतात. तिथे मुलाचा दाखला एक सांगतो आणि वंशावळ दुसरं, मग ऐन प्रवेशाच्या वेळी प्रकरण अडकतं. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधली अशी नोंद बदलून घेणं फार अवघड. म्हणून बापाचं नाव तसंच ठेवा. पालकाच्या रकान्यात तुमचं नाव आणि नातं लिहा.

शेतीचंही तेच. बाप वारला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची खबर द्या. सातबाऱ्यावर मुलाचं नाव आणि त्यापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून पालकाचं नाव लागतं. अ.पा.क. हा मालक नसतो. कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाचा हिस्सा विकता येत नाही, आणि हे चुलत्यांनाही स्पष्ट सांगून ठेवा.

राहिली पैशाची भीती. बालसंगोपन योजना मुलाला संस्थेत न पाठवता घरातच वाढवता यावं यासाठीच आहे. आई किंवा वडील एकच वारले असतील तरी अर्ज करता येतो. दरमहा २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात द्यायचा, आदेश बाल कल्याण समिती देते. मृत्यूदाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, बँक पासबुक, शाळेचं बोनाफाईड आणि घरासमोर मुलासोबत काढलेला फोटो सोबत न्या. घरी चौकशीला माणूस येतो तो मूल उचलून न्यायला नव्हे, ते नीट राहतंय का पाहायला. ऊसतोडीला किंवा गुजरातला कामाला जाणार असाल तर किती महिने आणि मूल कोणाकडे राहील, ते चौकशीला आलेल्या माणसाला त्याच वेळी सांगा. गृहभेटीला दाराला कुलूप दिसलं की अर्ज रखडतो.