गूळ, साखर आणि ‘केमिकल’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

संक्रांत जवळ आली की एक संदेश घराघरांतल्या व्हॉट्सॲप गटांत फिरू लागतो. त्याचा आशय असा: साखर हे केमिकल आहे आणि गूळ हे अन्न आहे, गूळ नुसता रस आटवून होतो, म्हणून त्यात कोणतेही केमिकल नसते, साखरेत मात्र गंधक असते, गुळातल्या लोहाने रक्त वाढते आणि तो मधुमेह असणाऱ्यांनाही चालतो, पिवळा गूळ केमिकलचा आणि काळा गूळ शुद्ध, शंका वाटल्यास गुळाच्या पाण्यात लिंबू पिळून पाहा आणि फेस आला तर तो गूळ फेकून द्या. संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. परंतु यातली जवळजवळ प्रत्येक ओळ शाळेत शिकलेल्या रसायनशास्त्राशी विसंगत आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, गुळाच्या बाबतीत विचारण्यासारखा एक खरा प्रश्न आहे आणि हा संदेश नेमका तोच झाकून टाकतो.

साखर केमिकल आणि गूळ केमिकलविरहित, या पहिल्या दाव्यापासून सुरुवात करू. साखर म्हणजे सुक्रोज हे संयुग. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात, आणि कारखान्यातल्या पांढऱ्या साखरेत त्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक असते. गूळ हे मिश्रण आहे. त्यात साधारणतः ६५ ते ८५ टक्के सुक्रोजच असते आणि उरलेल्या भागात ग्लुकोज, फ्रुक्टोज, पाणी, क्षार, थोडी प्रथिने व रंगद्रव्ये असतात. म्हणजे ज्या पदार्थाला संदेश केमिकल म्हणून बाजूला काढतो, त्याच पदार्थाने गुळाची ढेप मुख्यतः बनलेली आहे. दोहोंतला फरक शुद्ध संयुग आणि मिश्रण यांच्यातला आहे, रसायन असण्या-नसण्याचा नाही.

गुळातले सुक्रोज नैसर्गिक आणि साखरेतले कृत्रिम, असा बचाव यावर केला जातो. तो टिकत नाही, कारण रेणूला आपला उगम आठवत नसतो. बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मार्गग्राफ यांनी १७४७ मध्ये बीटच्या मुळांतून साखर वेगळी काढली, तिचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि ते उसाच्या साखरेचेच स्फटिक असल्याचे दाखवून दिले. पुढे १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर यांनी अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला, तेव्हा सजीवांच्या शरीरात तयार होणारा पदार्थ प्रयोगशाळेतही हुबेहूब तयार होऊ शकतो हेही स्पष्ट झाले.

दुसरा दावा अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. ‘नुसता रस आटवतात’ हे वाक्य ऐकायला साधे वाटते, पण गुऱ्हाळातल्या काहिलीत काय घडते ते पाहिले की ते अपुरे ठरते. उसाच्या ताज्या रसात सुमारे ८० टक्के पाणी असते, आणि त्याची वाफ होऊन जाणे हा खरोखर भौतिक बदल आहे. पाणी उडत जाते तसा पाक घट्ट होतो आणि त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. काकवी १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवतात, तर ढेपेसाठी पाक ११८ अंशांच्या आसपास जाऊ द्यावा लागतो. अनुभवी गुळव्या थर्मामीटरशिवाय हे ओळखतो: थोडा पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बोटांनी पाहतो. इथपर्यंत आटवण्याची गोष्ट बरोबर आहे.

मात्र त्याच काहिलीत त्याच वेळी अनेक रासायनिक अभिक्रिया चालू असतात. ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू (pH) साधारण ५ ते ५.५ असतो. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सुक्रोजचा रेणू पाण्याच्या एका रेणूशी अभिक्रिया करून दोन तुकड्यांत फुटतो: एक ग्लुकोज, दुसरा फ्रुक्टोज. वजनाचा हिशेब मांडला तर ३४२ ग्रॅम सुक्रोज आणि १८ ग्रॅम पाणी मिळून १८० ग्रॅम ग्लुकोज आणि १८० ग्रॅम फ्रुक्टोज होते. दोन्ही बाजूंना ३६० ग्रॅम. द्रव्य अक्षय्यतेचा नियम आपण शाळेत शिकतो, तो आंत्वान लाव्हाझिए यांनी १७८९ मध्ये स्पष्ट शब्दांत मांडला तोही साखरेच्या किण्वनाचा असाच हिशेब देताना, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते. ही फोड जास्त झाली की स्फटिक नीट बनत नाहीत आणि ढेप मऊ, चिकट राहते. ऊस तोडून बरेच दिवस पडून राहिला तर गूळ बसत नाही, असे गुऱ्हाळवाले सांगतात, त्यामागे मुख्यतः हेच कारण आहे.

म्हणूनच रसात चुना घालण्याची पद्धत आहे. चुन्याची निवळी ही आम्लारी असल्यामुळे रसातल्या आम्लाचे उदासिनीकरण होते आणि सुक्रोजची फोड मंदावते. शिवाय चुन्यातले कॅल्शियम रसातल्या फॉस्फेटशी संयोग पावून न विरघळणारा कॅल्शियम फॉस्फेट तयार होतो, आणि हा अवक्षेप रसातला गढूळपणा स्वतःबरोबर ओढून घेतो. भेंडीचे देठ चेचून काढलेले बुळबुळीत पाणीही असेच काम करते: त्यातल्या लांबलचक पिष्टमय रेणूंच्या जाळ्यात तरंगते कण अडकतात, वर फेसासारखी मळी येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. चुना हे कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे आणि भेंडीचा बुळबुळीतपणा हे बहुशर्करेचे रसायन आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही पद्धत उत्तम आहे आणि तिचा अभिमान जरूर बाळगावा, पण तिच्यात रसायन नाही असे म्हणणे म्हणजे ती ज्यामुळे चालते तेच नाकारणे होय. गुळाचा रंग आणि खमंग वासही रासायनिक बदलातूनच येतात. तापलेल्या पाकात शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात जी अभिक्रिया होते तिचे वर्णन लुई-कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये केले होते, आणि भाकरीला पडणारे तांबूस डाग हेही तिचेच काम आहे.

साखरेत गंधक असते, हा तिसरा दावा मूलद्रव्य आणि संयुग यांची गल्लत करतो. भारतातली बहुतेक पांढरी साखर सल्फिटेशन पद्धतीने तयार होते. कारखान्यात पिवळे गंधक हवेत जाळून सल्फर डायऑक्साइड हा वायू तयार करतात आणि तो चुना घातलेल्या रसात सोडतात. त्यातून कॅल्शियम सल्फाइट तयार होऊन खाली बसतो आणि गाळून निघणाऱ्या मळीबरोबर बाहेर जातो. जळाल्यानंतर गंधक हे मूलद्रव्य म्हणून उरतच नाही, आणि तयार साखरेत जे शिल्लक राहू शकते ते सल्फर डायऑक्साइडचे अत्यल्प अंश. त्या अंशांचे प्रमाण किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने सल्फाइटसाठी दररोज शरीराच्या वजनाच्या दर किलोला ०.७ मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा दिली आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४२ मिलिग्रॅम. एखाद्या गोड पदार्थात किलोमागे ७० मिलिग्रॅम उरले आहे असे धरले तरी त्याच्या २० ग्रॅममधून पोटात जाईल ते १.४ मिलिग्रॅम. याचा अर्थ सल्फाइट सर्वांना निर्धोक आहे असा नाही. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो आणि त्यांनी काळजी घेतलीच पाहिजे. पण पदार्थाचे नाव सांगून प्रमाण न सांगणे ही अर्धवट माहिती आहे, आणि आरोग्याच्या बाबतीत अर्धवट माहितीनेही नुकसान होते.

लोह आणि मधुमेह यांबद्दल थोडक्यात, पण ठामपणे सांगितले पाहिजे. गुळात लोह असते हे खरे. १०० ग्रॅममध्ये ते काही मिलिग्रॅम भरते आणि ते माती, काहील व प्रक्रिया यांनुसार बरेच बदलते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दररोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. गुळाच्या लहानशा खड्यातून त्यातला अगदी लहान वाटा मिळतो, आणि तो वाढवायला गूळ वाढवावा तर त्याबरोबर साखरही वाढते. मधुमेहाबाबतचा दावा तर धोकादायक आहे. गुळातले सुक्रोज आतड्यात त्याच विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने त्याच ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते, आणि त्यातले काही तर काहिलीतच फुटलेले असते. रक्तातली साखर वाढण्याच्या दृष्टीने गूळ हा साखरेला सुरक्षित पर्याय नाही. हा संदेश वाचून कोणी चहात निर्धास्तपणे गूळ घालू लागले असेल, तर त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता रंगाच्या आणि लिंबाच्या कसोटीकडे येऊ. गुळातला खरा प्रश्न येथेच आहे.

रस साफ करताना आणि गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही ठिकाणी ‘हायड्रोस’ वापरतात. हा पदार्थ म्हणजे सोडियम डायथायोनाइट. तो प्रबळ क्षपणक आहे; कापड रंगवण्याच्या धंद्यात न विरघळणारी नीळ विरघळणाऱ्या रूपात आणण्यासाठी तोच वापरतात. तो रंगद्रव्याच्या रेणूला इलेक्ट्रॉन देतो, त्या रेणूची रंग दाखवणारी रचना बदलते आणि रंग उडतो. स्वतः डायथायोनाइटचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फाइट आणि सल्फेट तयार होतात. साठवणीत हवेतल्या ऑक्सिजनमुळे रंग उडण्याची क्रिया काही अंशी उलटते आणि सुरुवातीला उजळ दिसणारा गूळ पुन्हा काळपट पडतो. ग्राहकाला उजळ रंग हवा म्हणून गुळाला उजळ रंगाचा भाव मिळतो आणि त्या भावासाठी हायड्रोस पडतो, ही साखळी मला खरोखर चिंतेची वाटते, कारण रंगाखेरीज या पदार्थाने ग्राहकाच्या हाती काहीच पडत नाही.

पण म्हणून पिवळा तितका भेसळीचा आणि काळा तितका शुद्ध, हे समीकरण खरे ठरत नाही. को ९२००५ सारख्या गुळासाठी चांगल्या मानल्या जाणाऱ्या जातीचा ताजा ऊस असेल, मळी वेळेवर काढली असेल आणि काहील स्वच्छ असेल, तर हायड्रोस न घालताही सोनेरी गूळ तयार होतो. उलट खारवट जमिनीतल्या उसाचा, शिळ्या रसाचा किंवा करपलेला गूळ काळा पडतो. चुना जास्त पडला तरीही काळपटपणा येतो, कारण आम्लारिधर्मी गरम पाकात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज विघटित होऊन गडद पदार्थ तयार होतात. आणि काळ्या रंगालाच अधिक दाम मिळू लागला, तर गूळ मुद्दाम काळा करणेही अवघड नाही.

लिंबाची कसोटी तर भलतीच गोष्ट तपासते. आम्लाने फेस येतो तो कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट असल्यावर, कारण त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. धुण्याचा सोडा भेसळीत असेल तर असा फेस येईल, आणि तेवढ्यापुरती ही कसोटी उपयोगी आहे. मात्र रस साफ करण्यासाठी घातलेला खाद्य प्रतीचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) काहिलीतल्या उष्णतेने विघटित होऊन त्याचाही कार्बोनेट बनतो आणि थोडा फेस त्यानेही येऊ शकतो. याउलट हायड्रोसचा उरलेला अंश सल्फाइटच्या रूपात असतो आणि तो किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतका अल्प असतो. लिंबाच्या थेंबांनी त्याचा एक बुडबुडाही दिसणार नाही. म्हणजे ज्या गुळाबद्दल खरोखर विचारायला हवे, तो या कसोटीतून निर्दोष म्हणून सुटेल आणि घरात निर्धास्तपणे खाल्ला जाईल.

हा अंश मोजायची पद्धत वेगळी आहे. प्रयोगशाळेत गुळाचा नमुना आम्लात उकळतात, सुटणारा सल्फर डायऑक्साइड हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात नेतात, तेथे त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते आणि ते किती तयार झाले हे अनुमापनाने (टायट्रेशनने) मोजतात. स्वयंपाकघरात हे शक्य नाही. पण थेट गुऱ्हाळातून किंवा ओळखीच्या दुकानातून गूळ घेणाऱ्याला दोन प्रश्न नक्की विचारता येतात: रस कशाने साफ केला, आणि सल्फर डायऑक्साइडची तपासणी झाली आहे का, झाली असल्यास आकडा काय आला. वेष्टनावरच्या ‘केमिकल-फ्री’ या शिक्क्यातून यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.