माशी कुठे शिंकली?

माझं पिस्तूल चालतं. तक्रार हीच आहे.

चाप ओढला की वाजतं, रिकामी पुंगळी उजवीकडे भिरकावतं, पुढचं काडतूस वर घेतं आणि पुन्हा तयार. कधी वेळेवर तेल दिलं, कधी महिनोन्महिने विसरलो. त्याने एकदाही मनावर घेतलं नाही. किती गोळ्या झाल्या ते मोजायचंही मी सोडून दिलंय. अशा वस्तूबद्दल माणसाने चार लोकांत बोलायचं तरी काय?

दिसण्याबद्दल बोलावं, तर तिथेही पंचाईत. काळं, चौकोनी, पट्टी धरून रेघा मारल्यासारखं. बायकोने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "भिंतीला भोकं पाडायचं मशीन का रे हे?"

"पिस्तूल आहे गं."

"पण भिंतीला भोक पडेल ना याने?"

पडेल म्हटलं.

"मग मी काय वेगळं म्हणाले?"

कंपनीचं नाव सांगत नाही. नाव निघावं असं त्या पिस्तुलाने बरं-वाईट काही केलेलंच नाही.

रेंजवर माझ्या शेजारच्या लेनमध्ये एक मित्र असतो. त्याच्याकडे 1911 च्या नमुन्याचं पिस्तूल आहे. जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून निघालेलं, अमेरिकी सैन्याने 1911 मध्ये स्वीकारलेलं आणि पुढे 1985 पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून सांभाळलेलं. अकराशे ग्रॅम पोलाद, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, मागे ऐटीत उभा घोडा, म्हणजे चाप ओढला की आपटणारी हातोडी. तो पेटीतून ते बाहेर काढतो तेव्हा आजूबाजूचे लोक आपली नेमबाजी थांबवतात. मी माझं काढतो तेव्हा लोक घड्याळ बघतात. माझ्या पिस्तुलाला घोडाही नाही. आत एक स्ट्रायकर आहे, काडतुसाच्या बुडावर आपटणारी खीळ, तो बाहेरून दिसत नाही आणि दिसला तरी कोणी बघणार नाही. घोडामैदान म्हणतात त्यातलं मैदान तेवढं माझ्या वाट्याला आलंय.

मित्राचं पिस्तूल अडकतं. दर दोन-तीन मॅगझिनांमागे (मॅगझिन म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची डबी) एखादी पुंगळी स्लाइडच्या, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या, फटीत धुराड्यासारखी उभी राहते. मग तो मॅगझिनच्या बुडावर थापट मारतो, स्लाइड मागे खेचतो, पुंगळी टणकन खाली पडते. चारजण गोळा होतात. एक म्हणतो स्प्रिंग बदला, दुसरा म्हणतो मॅगझिनचे ओठ वाकलेत, तिसरा दारूगोळ्यालाच नावं ठेवतो. अर्धा तास चर्चासत्र. मी कडेला उभा. माझ्याकडे या विषयात भर घालण्यासारखा एकही अनुभव नाही.

या चौकोनी वंशाचं मूळ ऑस्ट्रियात आहे. प्लॅस्टिकच्या चौकटीचं पिस्तूल त्याआधीही निघालं होतं, जर्मनीतलं हेकलर अँड कॉखचं व्हीपी 70, 1970 मध्ये. पण त्याचा फारसा बोलबाला झाला नाही. तो केला गास्टन ग्लॉक या गृहस्थांनी. हे काय करायचे? पडद्याचे रॉड. शिवाय सैन्यासाठी सुऱ्या आणि खंदक खणायची फावडी. पिस्तूल आयुष्यात केलं नव्हतं. ऑस्ट्रियाच्या सैन्याला नवं पिस्तूल हवंय हे कळल्यावर ते कामाला लागले आणि 1982 मध्ये मुरलेल्या शस्त्रकारांना मागे टाकून त्यांचंच पिस्तूल पसंत झालं. ते त्यांचं सतरावं पेटंट, म्हणून नाव ग्लॉक 17. मॅगझिनमध्ये नऊ मिलिमीटरची काडतुसंही सतराच बसतात. सुटे भाग सगळे मिळून चौतीस, रिकामं वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. पुढे बहुतेक सगळ्या कारखान्यांनी तोच कित्ता गिरवला, त्यातलंच एक माझं.

मला विचाराल तर गुपित त्या रॉडमध्येच आहे. पडद्याच्या रॉडकडून आपली अपेक्षा काय असते? पडदा पडू नये. रॉड सुंदर आहे असं कोणी म्हणत नाही. तो पडला तरच त्याच्याकडे लक्ष जातं.

या जातीच्या वाट्याला एकच काय ती रोमांचक गोष्ट आली होती, तीही खोटी निघाली. ऐंशीच्या दशकात अफवा उठली की हे प्लॅस्टिकचं पिस्तूल विमानतळावरच्या एक्स-रे यंत्राला दिसत नाही. काय रुबाब होता त्यात! प्रत्यक्षात स्लाइड पोलादी, नळी पोलादी, वजनाचा मोठा वाटा पोलादाचाच. यंत्राला ते लख्ख दिसतं. अमेरिकेत 1988 मध्ये यंत्राला न सापडणाऱ्या शस्त्रांवर बंदी घालणारा कायदा झाला, आणि त्या कायद्याने या पिस्तुलाच्या केसालाही धक्का लागला नाही. बदनाम व्हायचीसुद्धा लायकी नाही!

हे सगळं मी सोसलं असतं. खरं दुखणं निराळंच आहे.

नाचता न येणाऱ्याला अंगण वाकडं म्हणायची सोय असते. माझं अंगण कारखान्याने पाणसळ लावून सपाट करून दिलंय. मित्राची गोळी वर्तुळाबाहेर गेली की तो पिस्तुलाकडे रागाने बघतो आणि आम्ही सगळे त्याच्यासोबत पिस्तुलाकडे रागाने बघतो. माझी गोळी बाहेर गेली की सगळे माझ्याकडे बघतात. आणि ती नेहमी एकाच दिशेला जाते: खाली आणि डावीकडे, घड्याळात सात वाजतात तिथे. मी म्हटलं, माशी हलली असेल. (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेला माशी म्हणतात.) आम्हाला नेमबाजी शिकवणाऱ्या सरांनी माझं पिस्तूल घेतलं, पाच गोळ्या झाडल्या, पाचही एकमेकींना खेटून मधोमध. पिस्तूल परत देताना ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन साफसफाई, ती पाच मिनिटांत उरकते. स्लाइड, नळी, स्प्रिंग आणि खालची चौकट, एवढाच संसार. पण त्याआधीची दोन मिनिटं मात्र मी चेष्टेत घालवत नाही. हे पिस्तूल उघडण्यासाठी आधी चाप ओढावा लागतो, आणि आत एखादं काडतूस राहिलं असेल तर ते नेहमीच्याच तत्परतेने चालेल. म्हणून मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, आधी डोळ्याने बघायचं, मग बोट घालून बघायचं, आणि मग पुन्हा एकदा बघायचं. वेगळा सेफ्टीचा खटका याला नाही. चापाच्या मधोमध एक पातळ जीभ आहे, ती दाबली गेली की चाप मागे जातो. ती कोणाच्या बोटाने दाबली, रागाने दाबली की चुकून, याची त्याला काही पडलेली नाही. जो गुण कागदाच्या वर्तुळांपुढे इतका कंटाळवाणा वाटतो, त्याच गुणाने रात्री कधी कधी झोप उडते. पोलादी पेटी, तिला आकड्यांचं कुलूप, काडतुसं दुसऱ्या पेटीत. तरी उठून एकदा कुलूप ओढून बघतो. इतकी आज्ञाधारक वस्तू घरात असली की असं होतं.

मागच्या आठवड्यात मात्र नवल घडलं. सरांनी माझं मॅगझिन स्वतःच्या हाताने भरून दिलं. आज मेहरबानी कसली, असं मनात आलं, पण विचारलं नाही. पहिली गोळी, दुसरी, तिसरी. चौथ्यांदा चाप ओढला आणि नुसतं टक्.

टक्! इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी नळी समोरच ठेवली, बोट चापावरून काढलं, आणि मुलगा पहिला आल्यासारखा ओरडलो, "अडकलं! माझं अडकलं!" मित्र धावत आला. नेहमीचे तिघेही आले. मॅगझिनच्या बुडावर थापट मारायला मी हात उचललाच होता. माझं चर्चासत्र. मला भरून आलं होतं.

"पिस्तूल राहू द्या," सर मागून म्हणाले. "टक् झालं तेव्हा माशी कुठे होती?"

कोणी बोलेना. मग मित्रानेच, जरा आनंदानेच, सांगितलं, "खाली गेली, सर. चांगली बोटभर. डावीकडे."

सरांनी स्लाइड मागे घेतली. टपकन एक लाल प्लॅस्टिकचं काडतूस टेबलावर पडलं. नकली, आत दारूच नाही. धक्का येणार म्हणून हात आधीच दचकतो का, ते पकडायला असंच एखादं मध्ये भरतात. पिस्तुलाने त्यावरही स्ट्रायकर इमानेइतबारे आपटला होता, नेमका मध्यावर.

"अजून चार आहेत त्यात," सर म्हणाले. "कुठे कुठे ते सांगणार नाही. चला, उभे राहा."