सेकंद नकोत, जागा परत घ्या

फॉर्म्युला वन या कार रेसिंगमधली दहा सेकंदांची पेनल्टी (पिट स्टॉपला, म्हणजे टायर बदलायला थांबताना भरायची, नाहीतर शेवटी एकूण वेळेत वाढायची) ही आता शिक्षा राहिलेली नाही, तो एक दर झालाय. परवडत असेल तर चूक करा, दर मोजा, पुढे चला. नवी मुंबईतल्या आमच्या सीवूड्सच्या ग्रुपमध्ये हे कुणालाच पटत नाही. मॅक्स व्हर्स्टॅपनवाल्यांना वाटतं मी मॅक्सच्या विरोधात आहे, लुईस हॅमिल्टनवाल्यांना वाटतं मी जुनी मढी उकरतोय. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी हिशेब. २०२५ ची चॅम्पियनशिप लँडो नॉरिसने ४२३ गुणांवर जिंकली. व्हर्स्टॅपन ४२१. दोन गुणांनी गेली!

आता १ जूनची बार्सिलोनाची रेस आठवा. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. शेवटच्या टप्प्यात अँटोनेलीची मर्सिडीज बंद पडली, सेफ्टी कार (धोका टळेपर्यंत सगळ्यांना एका रांगेत हळू चालवणारी गाडी) आली, पुढचे सगळे जास्त पकडीचे सॉफ्ट टायर चढवून आले आणि मॅक्सला मिळाले कमी पकडीचे हार्ड. तो रेडिओवर चिडला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. रीस्टार्टला गाडी डगमगली, लेक्लेर निघून गेला. पाठोपाठ पहिल्या वळणावर रसेल आत घुसला, मॅक्स ट्रॅक सोडून बाहेरून फिरून आला आणि पुढेच राहिला. टीम म्हणाली, जागा देऊन टाक. पुढे पाचव्या वळणाकडे येताना मॅक्सने वेग कमी केला. रसेलला वाटलं दिली जागा, तो पुढे सरकला. आणि मग मॅक्सने पुन्हा गॅस दिला. ऑनबोर्ड, म्हणजे गाडीवरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ बघितलात तर कळेल, गाडी सुटली, घसरली असला काही प्रकार नव्हता. स्टिअरिंग हातात, समोर रसेलची बाजू दिसतेय, आणि हा तिकडेच चाललाय. धडक.

शिक्षा दहा सेकंद आणि लायसन्सवर तीन पेनल्टी पॉइंट. ट्रॅकवर पाचवा आलेला माणूस निकालात दहावा झाला. पाचव्याला दहा गुण, दहाव्याला एक. नऊ गुण गेले, आणि वर्षाखेरीला दोन कमी पडले.

आता तुम्ही म्हणाल, केलं तसं भोगलं. मी पण तेच म्हणतो. बार्सिलोनात मॅक्सने जे केलं ते मला अजिबात आवडलं नाही. चूक वेगळी आणि डूख धरणं वेगळं. पण त्याचे नऊ गुण ठरवले कुणी? स्टुअर्ड्सनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, फक्त ‘दहा सेकंद’ लिहिलं. सेफ्टी कारमुळे सगळ्या गाड्या एकमेकींच्या शेपटीला चिकटलेल्या होत्या, म्हणून त्या दहा सेकंदांत पाच जागा गेल्या. तीच रेस सेफ्टी कारशिवाय संपली असती, मागे पंधरा सेकंदांचं अंतर असतं, तर त्याच गुन्ह्याला त्याच शिक्षेत एकही जागा गेली नसती.

हे मी हवेत बोलत नाही. १८ जुलै २०२१, सिल्व्हरस्टोन. पहिल्याच फेरीत कॉप्स वळणावर हॅमिल्टनचं पुढचं चाक मॅक्सच्या मागच्या चाकाला लागलं आणि मॅक्स भिंतीत गेला. त्याच्या रेड बुल टीमने सांगितलेला धडकेचा आकडा ५१ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट. माणूस हॉस्पिटलात. रेस लाल झेंड्याने थांबली, त्या वेळात मर्सिडीजने हॅमिल्टनची गाडी नीट करून घेतली. स्टुअर्ड्सनी दोष मुख्यतः हॅमिल्टनचा धरला आणि दिले दहा सेकंद. त्याने ते पिट स्टॉपला भरले, परत आला, शेवटून दोन-तीन फेऱ्या राहिल्या असताना लेक्लेरला गाठलं आणि रेस जिंकला. पूर्ण २५ गुण. मॅक्सची ३३ गुणांची आघाडी एका दुपारी आठवर आली.

एकाला दहा सेकंद देऊन पहिला नंबर, दुसऱ्याला दहा सेकंद देऊन दहावा नंबर. मधला भाव हवा असेल तर गेल्या वर्षीचं सिल्व्हरस्टोन घ्या. पियास्ट्रीने सेफ्टी कारच्या मागे जोरात ब्रेक मारला म्हणून दहा सेकंद, आणि हातातली रेस नॉरिसकडे गेली. म्हणजे सात गुण.

पाम बीच रोडवर रोज हेच चालतं की. कॅमेऱ्यात वेग सापडला की मोबाईलवर ई-चलान. डिलिव्हरी करणाऱ्या पोराला ते आलं की त्याचा दिवस मातीत जातो. आणि सव्वा कोटीच्या गाडीतला गृहस्थ मेसेज उघडतसुद्धा नाही. साठू देतो, लोकअदालतीत सवलत मिळेल तेव्हा बघू म्हणतो, आणि वाशीपासून बेलापूरपर्यंत तसाच सुटतो. रक्कम ठरलेली असली की ती परवडणाऱ्यासाठी परवाना होते.

(कंसातलं कंसात: रविवारी रेस बघून रात्री पाम बीचवर ‘डाइव्ह बॉम्ब’ मारणारे, म्हणजे आतल्या बाजूने अचानक घुसणारे जे महाभाग आहेत, त्यांनी माझ्या पोस्टला लाइक केलं नाही तरी चालेल.)

परवान्याचं सगळ्यात शुद्ध उदाहरण मात्र मॅक्स किंवा लुईसचं नाहीच. ते केविन मॅग्नुसनचं. २०२४, जेद्दा. मॅग्नुसनला दोन वेळा दहा-दहा सेकंद लागले होते, एकदा आल्बनला धक्का दिला म्हणून आणि एकदा ट्रॅकबाहेरून त्सुनोडाच्या पुढे गेला म्हणून. वीस सेकंद डोक्यावर म्हटल्यावर त्याची स्वतःची रेस संपलीच होती. मग आपल्या हास टीमसाठी तो भिंत झाला. त्सुनोडाच्या पुढे बसला आणि मुद्दाम हळू चालवायला लागला. मागे रांग लागली. सगळ्यांच्या पुढे त्याचा सहकारी हुल्केनबर्ग मोकळ्या रस्त्यावर अंतर वाढवत राहिला, निवांत पिट करून आला आणि दहावा येऊन एक गुण घेऊन गेला. त्सुनोडाची ती जागा मॅग्नुसनने ट्रॅकबाहेर जाऊन घेतली होती, आणि ती त्याच्याकडून कुणी परत मागितली नाही. मागितली असती, तर पुढचा सगळा खेळ उभाच राहिला नसता. त्याच्यावर सेकंद चढवले, त्याने ते खिशात टाकले.

मला त्याचा राग येत नाही, खोटं कशाला बोलू. फार हुशारीने चालवली त्याने त्या रात्री. राग नियमाचा येतो.

बरं, मॅग्नुसनला शेवटी बिल आलंच. बारा महिन्यांत बारा पेनल्टी पॉइंट झाले की एका रेसची बंदी, ही पद्धत २०१४ पासून आहे. तिच्याखाली घरी बसलेला पहिला ड्रायव्हर तोच. मोंझात गॅस्लीला लागला, बारा भरले, बाकूची रेस हुकली. त्याच्या जागी आलेला बेअरमन दहावा आला, म्हणजे हासला तिथेही गुण मिळाला. पण जेद्दामध्ये ज्याची रेस नासली, त्या त्सुनोडाला काय मिळालं? काही नाही.

माझा सगळा आक्षेप इथे आहे. ज्याचं नुकसान झालं तो या हिशेबात कुठेच नसतो.

आणि स्टुअर्ड्स चुकले तर? गेल्या वर्षी झांडवूर्टला साइन्झ आणि लॉसनची टक्कर झाली, साइन्झला दहा सेकंद. साइन्झच्या विल्यम्स टीमने नंतर फेरविचार मागितला, नवे व्हिडिओ दिले, आणि स्टुअर्ड्सनी मान्य केलं की ही रेसिंगमधली साधी धडक होती, कुणा एकाचा पूर्ण दोष नाही. पेनल्टी पॉइंट काढून टाकले. दहा सेकंद? ते तर त्याने रेसमध्येच भरले होते. ते परत कसे देणार? ते गेले ते गेले.

आता त्या प्रसिद्ध एपेक्सच्या नियमाकडे येतो, कारण आमच्या ग्रुपवरची निम्मी भांडणं त्यावरच होतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एपेक्स म्हणजे वळणात गाडी आतल्या कडेला सर्वात जवळ येते तो बिंदू. एफआयए या खेळाच्या नियामक संस्थेने जून २०२५ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, तोवर ती ड्रायव्हर आणि टीम यांच्यातच होती. आतून ओव्हरटेक करणाऱ्याचा पुढचा ॲक्सल (पुढच्या दोन चाकांची रेघ) एपेक्सच्या आधी आणि एपेक्सला समोरच्याच्या आरशाच्या बरोबरीत तरी हवा. बाहेरून जाणाऱ्याचा ॲक्सल एपेक्सला समोरच्याच्या ॲक्सलच्या पुढे हवा. तसं असेल तर त्याला जागा द्यायची.

कागदावर छान. ट्रॅकवर काय होतं ते ऑस्टिनने २०२४ मध्येच दाखवलं. बाराव्या वळणावर नॉरिस बाहेरून, मॅक्स आतून. मॅक्सने ब्रेक इतका उशिरा मारला की एपेक्सला नाक त्याचंच पुढे. पण त्या वेगात वळण पूर्ण होणार कसं? दोघेही ट्रॅकबाहेर. नॉरिस पुढे निघाला म्हणून त्याला पाच सेकंद आणि तिसऱ्याचा चौथा. कायद्याने बरोबर. पण हा बचाव म्हणायचा का? वळण घेताच येणार नाही अशा वेगात एपेक्सला हजेरी लावून यायची आणि म्हणायचं, वळण माझं. आठवड्याने मेक्सिकोत मॅक्सने तेच नॉरिसबरोबर दोनदा करून बघितलं, तिथे मात्र दोन्ही वेळा दहा-दहा सेकंद बसले. स्टुअर्ड्सचं पॅनल दर रेसला वेगळं असतं, हे इथे लक्षात घ्या.

उलटी बाजूही आहे. ब्राझील २०२५, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. सेफ्टी कार गेल्यावर पहिल्याच वळणात तिघे शेजारी शेजारी. आत पियास्ट्री, मधे अँटोनेली, बाहेर लेक्लेर. अँटोनेलीने आत वळण घेतलं, पियास्ट्रीचं चाक लॉक झालं, तो अँटोनेलीला लागला आणि अँटोनेली लेक्लेरला. काहीही न करता लेक्लेरची रेस संपली. नियमाप्रमाणे पियास्ट्री आरशाच्या बरोबरीत नव्हता, सबब दहा सेकंद. आणि ज्याची गाडी गेली तो लेक्लेरच नंतर म्हणाला की सगळा दोष ऑस्करचा नाही. मोजपट्टीने बघितलं तर निकाल बरोबर होता, डोळ्यांनी बघणाऱ्या जवळपास कुणालाच पटला नाही.

इथे कुणीतरी लगेच म्हणतं, जुने दिवस बरे होते, १९७९ ला डिजॉनला व्हिलनव आणि आर्नू चाकाला चाक घासत लढले आणि कुणाला पेनल्टी नाही. अहो खरंय, अजूनही बघताना अंगावर काटा येतो. पण त्याच काळात १९९० ला सुझुकात सेनाने पहिल्या वळणावर प्रोस्टला उडवलं, चॅम्पियन झाला, आणि वर्षभराने सांगितलं की ठरवून केलं होतं. त्याला त्याबद्दल काही झालं नाही. १९९७ ला हेरेझमध्ये शूमाकरने तसंच काहीतरी व्हिलनवच्या मुलावर करून बघितलं तेव्हा त्याला अख्ख्या वर्षाच्या गुणतक्त्यातून काढलं. मी शूमाकरचा भक्त, तरी म्हणतो बरोबर केलं. तेव्हा मला नियम नकोत असं नाही. मला वेगळं चलन हवंय.

सेकंद नकोत. जागा परत घ्या. ज्याला ढकलून पुढे गेलास, त्याला दोन फेऱ्यांत पुढे जाऊ दे. तुझ्यामुळे त्याच्या तीन जागा गेल्या असतील तर तूही त्याच्या मागे जाऊन उभा राहा. मोटोजीपीत २०१९ पासून ‘लाँग लॅप’ आहे, शिक्षा झालेल्या रायडरने ट्रॅकच्या बाहेरच्या लांबट वळशातून जायचं. तीन फेऱ्यांच्या आत, सगळ्यांसमोर. मागचे दोघे-तिघे डोळ्यांदेखत पुढे जातात आणि शिक्षा तिथल्या तिथे संपते. उरलेल्या फेऱ्यांत परत लढायला मोकळा.

हे मी गेल्या रविवारी मित्राच्या घरी मांडलं तर मित्र गप्प बसला, वहिनींनीच विकेट काढली. वहिनी नॉरिसच्या बाजूच्या आणि वादात आमच्या सगळ्यांपेक्षा तयार. म्हणाल्या, “भाऊजी, तुमचा नियम छान आहे, पण ज्याची गाडी भिंतीत गेली त्याला जागा परत कशी देणार? सिल्व्हरस्टोनला मॅक्स तर ॲम्ब्युलन्समध्ये होता.”

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की त्यासाठी नवीन काही शोधायलाच नको. ड्राइव्ह-थ्रू पेनल्टी नियमपुस्तकात आजही आहे. पिट लेनमधून (गाड्या थांबतात त्या बाजूच्या रस्त्याने) बहुतेक ठिकाणी ताशी ८० किमीच्या वेगमर्यादेत नुसतं जाऊन यायचं. टायर बदलायचे नाहीत, काही नाही, फक्त जायचं आणि बाकीच्यांना निघून जाताना बघायचं. दहा सेकंद पिट स्टॉपला जोडून भरता येतात, हे जोडता येत नाही. दुसऱ्याची रेस संपवलीस तर हे, त्याखाली काही नाही. स्टुअर्ड्स ते धडकेसाठी क्वचितच देतात, हे मला आजवर उमगलेलं नाही. “मग हॅमिल्टन त्या दिवशी जिंकला नसता,” वहिनी म्हणाल्या. नसताच. बहुतेक पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत तरी आला असता, कारण गाडी तेवढी जोरात होती, पण जिंकला नसता.

आणि शेवटच्या फेरीत घडलं तर? तर निकालात त्याला त्या माणसाच्या एक जागा मागे टाका. विषय संपला. मागच्या गर्दीत कोण किती सेकंदांवर आहे याची चौकशी करायची गरज नाही.

सेकंदांमुळे आपलं, म्हणजे बघणाऱ्यांचं, काय नुकसान होतं ते बघायचं असेल तर कॅनडा २०१९ पुन्हा लावा. ४८व्या फेरीत फेटेल गवतावर गेला, परत येताना हॅमिल्टनला भिंतीकडे ढकललं असं ठरलं, पाच सेकंद. चूक होती की नव्हती यावर आजही आमच्याकडे दोन तट आहेत. चला, होती असं धरू. माझ्या नियमाने फेटेलने लगेच जागा दिली असती, आणि मग फेरारी विरुद्ध मर्सिडीज, वीसएक फेऱ्या, फेटेलचं डोकं फिरलेलं, पुढे हॅमिल्टन. झालं काय? हॅमिल्टनला ओव्हरटेक करायची गरजच उरली नाही. पाच सेकंदांच्या आत मागे राहिला की पुरे. फेटेल पहिला आला, दुसरा ठरला, आणि चिडून जाऊन गाड्यांपुढच्या १ आणि २ नंबरच्या पाट्यांची अदलाबदल करून आला.

कमेंटमध्ये अबू धाबी २०२१ कुणी काढू नये. तो पेनल्टीचा विषय नव्हता, सेफ्टी कारचा होता, आणि त्यावर लिहायला बसलो तर उद्या ऑफिस बुडेल.