समाजाला विचारलं तरी कुणी?

ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देणं हे आपलं नव्हे, संसदेचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. त्या रात्री घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांनी लिहिलं, ‘बरोबरच आहे. आपला समाज अजून तयार नाही.’ मी आयर्लंडमध्ये, डब्लिनला राहते. अगदी हेच वाक्य इथे वर्षानुवर्षं ऐकलंय, म्हणून ते फार लागलं.

ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार गेली. बेळगावची मुलगी, दातांची डॉक्टर, वय ३१. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे कळलं होतं, तरी ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला आणि जंतुसंसर्गाने तिचा जीव घेतला. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ चा. इथे १९८३ पासून घटनेतच बंदी होती. आई फोनवर म्हणाली, “कसला गं तो देश?” मला उत्तर देता आलं नाही.

याच देशाने मे २०१५ मध्ये सार्वमत घेऊन ६२ टक्के मतांनी समलिंगी विवाह मान्य केला. त्याआधी वीस वर्षं, १९९५ च्या सार्वमतात, साधा घटस्फोटसुद्धा जेमतेम ९,००० मतांनी तरला होता! गर्भपाताच्या प्रश्नावर सरकारने ९९ सामान्य माणसं निवडली. पाच शनिवार-रविवार ती डॉक्टरांचं, वकिलांचं, त्यातून गेलेल्या बायकांचं ऐकत बसली. मग मे २०१८ मध्ये सार्वमत झालं आणि ६६ टक्के लोकांनी बंदी उठवली.

मला मत नव्हतं, मी इथली नागरिक नाही. पण त्या आठवड्यात शेजारच्या आजींबरोबर पोर्टोबेलोला गेले. तिथे भिंतीवर सविताचं मोठं चित्र होतं आणि भोवती चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. बऱ्याच चिठ्ठ्यांवर ‘माफ कर’ लिहिलेलं. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या आजींनी पर्समधून पेन काढलं. दोन ओळी लिहायला त्यांना किती वेळ लागला! परत येताना म्हणाल्या, “आमच्या घरात यावर कधी कुणी बोललंच नाही गं.”

लिओ वराडकर २०१७ मध्ये इथले पंतप्रधान झाले. वडील मालवणजवळच्या वराडचे, म्हणून काकांनीच ग्रुपवर फोटो टाकला होता, ‘आपला माणूस!’ आपण समलिंगी आहोत हे या माणसाने जानेवारी २०१५ मध्येच रेडिओवर सांगितलं होतं. तेव्हा समाज तयार आहे का, हे ग्रुपवर कुणी विचारलं नाही. सगळ्यांना अभिमान वाटला, आणि तो खरा होता.

परदेशात बसून शिकवू नकोस, असं मला म्हणतात. मग घरचंच सांगते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. गावाने एकत्र बसून ठरवलं. ही प्रथा काय आजकालची होती?

यंदा गणपतीला येतेय. काका, मखर लावून झालं की आपण याच विषयावर बोलू. काकूंनाही बसू दे आपल्यात. मोदक मी वळेन.