दोन दगडांवर पाय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा रागच आला. दोन दिवस जाऊ दिले आणि आता लिहायला बसले आहे, कारण त्यातलं निम्मं तरी मला पटलंय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी कवितेचा अभ्यास आणि १५०० मीटरच्या शर्यती दोन्ही धरून होते, आणि हे दोन्ही एकमेकांना पूरक आहे असं मी आधीच्या लेखात ठोकून दिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की हे दोन दगडांवर पाय ठेवणं आहे आणि नव्या मुलांना असा सल्ला देणं बेजबाबदारपणाचं आहे. ‘धावण्याची लय तीच कवितेची लय’ हे माझं वाक्य गोड पण पोकळ आहे. आणि स्पर्धेची चटक लागलेल्याने कवितेच्या वाटेला जाऊ नये.

मैल चार मिनिटांच्या आत धावणारा पहिला धावपटू रॉजर बॅनिस्टर, त्याचं उदाहरण मी फार मिरवलं होतं. वैद्यकीय शिक्षण घेता घेता ६ मे १९५४ ला त्याने मैलाचं अंतर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत कापलं वगैरे. अपवादावरून सल्ले देऊ नयेत, असं तुम्ही म्हणता. मान्य. उलट तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देते: त्याच वर्षाअखेर त्याने स्पर्धा सोडल्या, डॉक्टरकीसाठी. हे मला तेव्हाही माहीत होतं. सोयीचं नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

आता लयीबद्दल. इथे तुम्ही बरोबर आहात, पण का बरोबर आहात ते मला धावूनच कळलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘मनाचे श्लोक’ ज्या वृत्तात आहेत त्या भुजंगप्रयातात एका चरणात चार ‘य’ गण (तीन-तीन अक्षरांचे गट) येतात: लगागा लगागा लगागा लगागा. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, म्हणजे एका गणात पाच. सकाळच्या संथ धावेत मी एका पावलाला एक मात्रा असं धरून मनात म्हणायला लागले. पहिला गण डाव्या पायावर सुरू झाला. पाच मात्रा संपल्या तर दुसरा उजव्यावर. तिसरा परत डाव्यावर, चौथा उजव्यावर. वीस मात्रांचा चरण संपला की नवा चरण पुन्हा डाव्या पायावर. पहिल्या दिवशी मला हा चमत्कारच वाटला, आणि त्याच भरात ते गोड वाक्य लिहिलं गेलं. (‘चरण’ शब्दाचा अर्थ पाय, हेही तेव्हाच डोक्यात शिरलं. शाळेत किती वेळा लिहिला असेल!)

पण आठवडाभरात गोम लक्षात आली. पावलं सगळी सारखी पडतात, अक्षरं पडत नाहीत. गुरू अक्षर दोन पावलांवर ताणून धरावं लागतं आणि चढ आला की श्वास लघूलाही गुरू करून टाकतो. शेवटी मी कविता म्हणत नव्हते, पावलं मोजत होते. धावण्याला ठेका असतो. त्या ठेक्यावर लहानमोठी अक्षरं आपापला तोल सांभाळून चालतात तेव्हा कुठे लय होते. म्हणजे वाक्य चुकलंच.

कालिदासाचं मेघदूत ज्या वृत्तात आहे त्या मंदाक्रांतेचंही तसंच. नावातच मंद पावलं आहेत. सुरुवातीला चार गुरू ठाय लयीत येतात, मग यति, म्हणजे चरणातला थांबा, आणि त्यानंतर पाच लघू एका दमात. माझ्या पहिल्या शर्यतीत मी नेमकं उलटं केलं. पहिले ३०० मीटर सुसाट सुटले आणि शेवटच्या लॅपची घंटा वाजली तेव्हा पायांत शिसं भरलं होतं. सुरुवात दाबून धरायची असते हे मला मेघदूताने शिकवलं, असं लिहायला किती छान वाटलं असतं. कोचनी शिकवलं, मैदानाच्या कडेने ओरडून.

दोन दगडांचं तुमचं म्हणणं मात्र मी थोडं वेगळं मांडेन. कविता आणि धावणं यांचं आपसात भांडण नाही, दोघांचं भांडण झोपेशी आहे. ज्या दिवशी आठ वेळा ४०० मीटर असतात, त्या संध्याकाळी डोळे कागदावर टिकत नाहीत. माझ्या वहीत एक पान आहे. पहिल्या दोन ओळींवर लघु-गुरूच्या खुणा नीट आहेत. तिसऱ्या ओळीत एका गुरूची आडवी रेघ सुरू होते ती तिरकी होत होत समासातून पानाबाहेर जाते. तिथे मी झोपले.

स्पर्धेबद्दल लांबण लावत नाही. ऑलिंपिकमध्ये १९१२ ते १९४८ साहित्यालाही पदकं होती. ती बंद झाली, बरं झालं. पण मी कविता कुणाशी शर्यत लावून वाचत नाही, आणि शर्यतीत घड्याळ माझं कौतुक करत नाही हे मला आवडतं. वर्गात एखादं गुळगुळीत वाक्य टाकून निभावून नेता येतं, ट्रॅकवर नाही.

मग माझ्या दाव्यातलं उरलं काय? एक छोटी गोष्ट: कंटाळा सहन करण्याचा निगरगट्टपणा. न उलगडणारा एकच चरण वीस वेळा मोठ्याने म्हणत बसायला तो लागतो, आणि माझ्यात तो त्याच त्या ट्रॅकवर गोल गोल फिरून आला. दुसऱ्या कुणाला तो दुसरीकडून मिळेल.

परीक्षा आणि स्पर्धा एकाच आठवड्यात आली तर काय सोडशील, असं तुम्ही शेवटी विचारलंय. मागच्या सत्रात आली होती. मी काहीच सोडलं नाही. शर्यतीत सातवी आले आणि पेपरात समोरचा ढळढळीत यतिभंग मला दिसला नाही. या वेळी परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे इंटरव्हल (थांबून थांबून पुन्हा जोरात धावण्याचा सराव) बंद, फक्त सकाळची संथ धाव. कोचना अजून सांगितलेलं नाही.