१११ ला ३ ने भाग जातो, पण प्रत्येक पद्धतीत नाही

इंदूरच्या आपल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ७ द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) १११ होतात, १११ ला ३ ने भाग जातो, म्हणजे पाया (संख्या लिहायला किती अंक वापरतो ते: द्विमानात २, नेहमीच्या दशमानात १०) बदलला की मूळ संख्या मूळ राहत नाही. हे साफ चूक आहे. मुलांना कृपया असं शिकवू नका. द्विमानातलं १११ म्हणजे ४+२+१, सातच. सराफ्यातून आणलेले सात गुलाबजाम दोघांत किंवा तिघांत सारखे वाटले जात नाहीत, आकडा कसाही लिहा.

बदलते ती कसोटी. अंकांची बेरीज करून ३ ची विभाज्यता तेव्हाच कळते, जेव्हा पायाला ३ ने भागून बाकी १ उरते: जसे ४, ७, १०. या पायांत १११ म्हणजे दशमानातले २१, ५७, १११. तिन्हींना ३ ने भाग जातो. पाया ५ घेतलात तर मात्र १११ म्हणजे २५+५+१, ३१, मूळ संख्या.